गिऱ्हाईक मागच्या सीटवर बसलं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नामवंत कंपन्यांनी आपल्याच हातांनी आपलं नाव कसं घालवलं, याविषयीचा मोठा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. डिजिटल कॅमेरा १९७५ सालीच घरात तयार असूनही फिल्मच्या मोहात राहिलेली आणि २०१२ साली दिवाळखोरीत गेलेली कोडॅक त्यात आहे. जवळजवळ दोन लाख लोकांना नवी चव चाखायला देऊन १९८५च्या एप्रिलमध्ये जुनं पेय बंद करणारी आणि तीन महिन्यांच्या आत ते परत आणणारी कोकाकोलाही आहे. लेख मेहनतीने लिहिलाय. पण आकुर्डी-चिंचवडचं, म्हणजे बजाज आणि किनेटिक या आमच्या दोन स्कूटर कंपन्यांचं, नाव त्यात कुठेच नाही. मी ४८ वर्षं निगडी प्राधिकरणात राहते. आमच्या गल्लीतली निम्मी घरं एकेकाळी स्कूटरवर चालत होती, म्हणजे कुणी कंपनीत, कुणी कंपनीच्या व्हेंडरकडे. कोडॅकने केली ती चूक आमच्या उंबऱ्याशी झाली आणि तिच्याबद्दल अजून कुणी नीट बोललेलं नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

आधी माझा अधिकार काय ते सांगते. मी निवृत्त लेखापाल आहे. चौतीस वर्षं जमाखर्च लिहिले. पण या विषयावर बोलण्याचा हक्क मला दुसऱ्याच कामाने दिलाय. १९८६पासून पुढची तेवीस वर्षं मी आमच्या भागातल्या बायकांना दुचाकी शिकवली. फी नाही, पाटी नाही. सकाळी साडेसहा ते साडेसात प्राधिकरणातल्या मोकळ्या प्लॉटवर. तेव्हा इथे प्लॉट पुष्कळ आणि घरं थोडी होती. नोकरीची सवय म्हणून प्रत्येकीची नोंद ठेवली. लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे, तिच्यात पाच रकाने : नाव, तारीख, गाडी कोणती, किती दिवस लागले आणि अडचण काय. सव्वाशेच्या वर नावं आहेत. शेवटचा रकाना मी आजही अधूनमधून वाचते. ‘पाय टेकत नाहीत.’ ‘किक बसत नाही.’ ‘गिअरला घाबरते.’ ‘साडीचा घोळ अडकतो.’ ‘गाडी आडवी झाली तर उचलत नाही.’ ‘सासरे नको म्हणतात.’ ही वही त्या वेळी एखाद्या कंपनीच्या माणसाने येऊन चाळली असती, तर पुढचं बरंच वेगळं घडलं असतं असं मला मनापासून वाटतं.

चेतकपासून सुरुवात करते, कारण आमच्या पिढीला स्कूटर म्हणजे चेतक. बजाजने इटलीच्या पियाजिओबरोबरच्या कराराने व्हेस्पा बनवायला घेतली ती १९६०च्या सुमारास. करार संपल्यावर १९७२ साली राणाप्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन आपली चेतक आणली. ती मिळायची नाही. नंबर लावायचा आणि वर्षं मोजत बसायचं. आठ-दहा वर्षं थांबलेली माणसं मला ठाऊक आहेत. परदेशातून कुणी परकीय चलन पाठवलं तर गाडी लवकर मिळायची, आणि नंबर लागलेली गाडी शोरूमच्या दारातच वरचे पैसे देऊन विकली जायची. या टंचाईचं मूळ सरकारच्या परवान्यांत होतं, कंपनीत नव्हे, हेही नोंदवते. गाडी दणकट होती. चार माणसं, गॅसची टाकी, गणपतीची मूर्ती, काहीही न्या. पत्रा असा, की ठोकून पुन्हा सरळ व्हायचा. साऱ्या देशाने तिला आपलं मानलं. ‘हमारा बजाज’ हे शब्द जाहिरातीत पुढे आले, पण लोकांच्या मनात ते आधीपासून होते.

पण ती चालवायची कशी ते आठवा. क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत. क्लच दाबून मनगट फिरवायचं, पहिला वर, बाकीचे खाली. मागचा ब्रेक उजव्या पायाशी. इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे तोल एका बाजूला. वजन शंभर किलोच्या वर. सकाळी गार पडली असेल तर चोक ओढायचा, गाडी अंगावर तिरकी करायची आणि मग किक. तरी लागली नाही तर प्लग काढून पॉलिशपेपरने काजळी घासायची. माझी उंची पाच फूट एक इंच. सहावारी नेसून हे सगळं करून पाहिलंय मी. वहीत गिअरच्या स्कूटरवर शिकायला आलेल्या अकरा जणी आहेत. त्यातल्या चौघी शिकल्या, सरासरी तीन आठवड्यांत. सात जणींनी सोडून दिलं. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

आणि तरीही ती स्कूटर बाईच्या आयुष्यात होतीच. कशी होती तेच सांगायचंय. लग्नाच्या बैठकीत ‘मुलाला स्कूटर’ असं यादीवर लिहिलं जायचं. मुलीच्या बापाने फंडातून कर्ज काढून गाडी द्यायची आणि मुलीने तिच्यावर मागे एका अंगाला पाय सोडून बसायचं. पैसा तिच्या माहेरचा, किल्ली दुसऱ्याच्या खिशात. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक कलम आहे : मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून निम्म्या चाकाला आडोसा हवा. त्या आडोशाला आपण साडीगार्ड म्हणतो. नियम चांगला आहे, त्याने जीव वाचलेत. पण दुचाकीच्या धंद्याने बाईचा केलेला विचार बहुतेक तिथेच संपत होता. ती मागे बसणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

सगळ्यांनी म्हणताना मी एक अपवाद करते, आणि तो आमच्या चिंचवडचाच आहे. फिरोदियांच्या किनेटिकने १९७२ साली, म्हणजे चेतक आली त्याच वर्षी, लूना आणली. पन्नास सीसीचं इंजिन, सायकलसारखी पायडलं, गिअर नाही. पेट्रोल संपलं तर पायडल मारत पंप गाठा. मी १९८१ साली लूना घेतली, ऑफिसच्या सोसायटीतून कर्ज काढून. घरापासून चिंचवड स्टेशनपर्यंत लूना, तिथून लोकलने शिवाजीनगर. पूर्वी चालत आणि बसची वाट बघत जायचा तो वेळ हातात आला. त्या वेळात मी दोन वर्षांत खात्याच्या परीक्षेचा अभ्यास केला आणि पुढची जागा मिळवली. माझ्या पगारातली ती वाढ लूनाच्या खात्यावर जमा आहे, असं मी आजही म्हणते. मला बघून शेजारची आली, ‘मलाही शिकवा.’ मग तिची जाऊ आली. वहीची सुरुवात तिथून झाली. लूनावर सरासरी चार दिवस लागायचे.

मग आली किनेटिक होंडा. १९८४ साली किनेटिकने जपानच्या होंडाशी करार केला आणि भारतात गिअर नसलेली, बटणाने सुरू होणारी स्कूटर आणली. दोन्ही ब्रेक हातात. पुढे पाय ठेवायला सपाट जागा, तिथे भाजीची पिशवी, दप्तर, प्रसंगी लहान मूल उभं. क्लच नाही, किकची गरज नाही, साडी नेसून बसलं तरी अडचण नाही. मी ती १९८९ साली घेतली आणि माझ्या वहीचा शेवटचा रकाना त्या वर्षापासून रिकामा पडायला लागला. खरोखर रिकामा. पानंच्या पानं आहेत, जिथे अडचणीच्या जागी मी नुसती रेघ मारलीय. दिवस लागायचे तीन. पहिल्या दिवशी तोल, दुसऱ्या दिवशी वळण आणि ब्रेक, तिसऱ्या दिवशी मी मागे बसून भक्ती-शक्ती चौकाच्या बाजूला रस्त्यावर घेऊन जायची. नंतर आरटीओत जाऊन ‘विदाऊट गिअर’चं लायसन.

त्या बायका कोण होत्या? चिंचवडगावातली शिवणकाम करणारी होती. ती शिकल्यावर दुकानांतून ब्लाऊजच्या ऑर्डरी स्वतः आणायला लागली. तालेऱ्यांच्या दवाखान्याच्या बाजूला राहणारी एक परिचारिका होती. रात्रपाळी संपल्यावर पहाटे एकटी घरी यायची तिला भीती वाटायची, गाडी आल्यावर वाटेनाशी झाली. एक डबे करणारी होती. नवऱ्याला अर्धांगवायू झाला म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकलेली एक होती. तिच्या नोंदीत ‘दिवस’च्या रकान्यात नऊ आहे आणि अडचणीत ‘रडू येतं’ असं मी लिहिलंय. दहाव्या दिवशी ती स्वतः त्यांना फिजिओथेरपीला घेऊन गेली. तोंडाला ओढणी बांधून गाड्या चालवणाऱ्या पुण्याच्या मुलींबद्दल लोक आज कौतुकाने बोलतात. त्या मुलींच्या आधी या आया आणि मावश्या होत्या, आणि त्यांना रस्त्यावर आणणारी गाडी चिंचवडच्या कंपनीची होती. देशात दुसऱ्या कुणाकडे ती तेव्हा नव्हती. म्हणून मी कोडॅकची आठवण काढली. पुढचा काळ ज्या वस्तूचा होता, ती वस्तू यांच्या हातात सर्वांत आधी आलेली होती.

आता चूक कुठे झाली ते. नव्वदच्या दशकात पुरुष स्कूटर सोडून मोटारसायकलकडे वळले. त्याला सबळ कारणं होती. हिरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी १०० ही मोटारसायकल १९८५ साली आली आणि एका लिटरमध्ये दोन स्ट्रोकच्या स्कूटरच्या कितीतरी पुढे जायला लागली. गावच्या खडबडीत रस्त्यांवर मोठी चाकं बरी. शिवाय पंपावर ऑईल मिसळायचा व्याप नाही. दशक संपता संपता मोटारसायकलींचा खप स्कूटरच्या पुढे गेला. २००० साली धुराचे नियम कडक झाले आणि जुन्या दोन स्ट्रोकचा काळ सरला. कंपन्यांनी हे आकडे बघितले आणि म्हणाल्या, स्कूटर संपली.

मी हिशेबातली बाई. खप कमी झाला हा आकडा खरा होता, त्यातून काढलेला अर्थ चुकला. स्कूटरवरून पुरुष उतरत होता. त्याच वेळी बाई चढत होती. पण ती अजून आकड्यांत दिसत नव्हती, कारण तिच्या हातात द्यावी अशी गाडी फार थोड्यांकडे होती. कोकाकोलाने लोकांना दोन चवींतली कुठली आवडते ते विचारलं, जुनी कायमची गेली तर चालेल का हे विचारलंच नाही. आमच्याकडे तर ज्यांना विचारायचं होतं त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि पुढच्याला विचारून लोक निघून गेले.

२००१ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी बजाजने पल्सर आणली. उत्तम गाडी, तिने कंपनीला पुन्हा उभं केलं. तिच्या जाहिरातीतले शब्द होते ‘डेफिनिटली मेल’. म्हणजे निःसंशय पुरुष. मी ते फलक मुंबई-पुणे रस्त्यावर रोज बघत होते. आणि त्याच २००१ साली हरियाणातल्या मानेसरहून होंडाची अॅक्टिव्हा आली. बटणाने सुरू होणारी, बिनगिअरची, पत्र्याच्या अंगाची, आणि आता चार स्ट्रोकची. माझ्या वहीतल्या अडचणींपैकी एकही तिच्यात शिल्लक नव्हती.

ही होंडा म्हणजे तीच, जी चौदा वर्षं किनेटिकच्या घरात नांदली होती. १९९८ साली तिने आपला वाटा फिरोदियांना विकून काडीमोड घेतला आणि १९९९ साली स्वतंत्र चूल मांडली. मोटारसायकलीत तिचा हिरोबरोबर आधीच संसार होता, म्हणून नव्या घरात तिने स्कूटरने सुरुवात केली. वेगळं झाल्यावर किनेटिककडे काय उरलं होतं? बायकांचा विश्वास, देशभरातले दुकानदार आणि बिनगिअरची स्कूटर बनवण्याचा पंधरा वर्षांचा सराव. एवढ्या भांडवलावर सगळी ताकद एका चांगल्या चार स्ट्रोकच्या स्कूटरवर लावायला हवी होती. स्कूटरी त्यांनी आणल्याही, पण त्याच वर्षांत ते मोटारसायकलींच्या मागे लागले. बॉस आणली, चॅलेंजर आणली, कोरियाच्या ह्योसंगच्या मदतीने मोठ्या दांडग्या गाड्या आणल्या. ज्या बाजारात हिरो होंडा आणि बजाज आधीच पाय रोवून उभे होते तिथे नवखे म्हणून गेले, आणि ज्या बाजारात स्वतः पहिले होते तो मोकळा ठेवला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. २००८ साली दुचाकीचा व्यवसाय ११० कोटी रुपयांना महिंद्रांकडे गेला. तो आकडा पेपरात वाचला त्या दिवशी मी वही काढून बसले होते. किनेटिक होंडावर शिकलेल्यांची नावं मोजली. एकसष्ट भरली.

बजाजचं वेगळं. त्यांच्याकडे नावाचं वजन होतं. स्त्रियांसाठीच्या हलक्या गाड्या त्यांनी केल्या नाहीत असं नाही. सनी होती, स्पिरिट आली, सफायर आली, वेव्ह आली, क्रिस्टल आली. पण एकही फार काळ टिकवली नाही. गाडी घेणाऱ्या बाईला वाटतं, चार वर्षांनी हिचा पार्ट मिळेल का, विकायला काढली तर किंमत येईल का. दर दोन-तीन वर्षांनी नवं नाव आलं की हा विश्वास बसत नाही. आणि या गाड्यांपैकी एकीलाही त्यांनी ‘चेतक’ हे नाव दिलं नाही. तीस वर्षं कमावलेलं नाव जुन्या गिअरच्या गाडीबरोबर २००६च्या सुमारास बंद होऊ दिलं. २००७च्या सप्टेंबरात आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. आमच्या गल्लीतून सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांचा आवाज बंद झाला तो दिवस मला आठवतो. दूधवाला म्हणाला, आज एवढं सामसूम का. डिसेंबर २००९मध्ये राजीव बजाज यांनी जाहीर केलं, की कंपनी आता स्कूटर बनवणारच नाही, सगळं लक्ष मोटारसायकलींवर. त्यांचे वडील राहुल बजाज यांना ते पटलं नव्हतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्या वेळी आमच्या भागातल्या चहाच्या टपरीवरसुद्धा बाप आणि मुलगा यांच्यात कोण बरोबर, याच्यावर वाद चालायचा.

यावर मला नेहमी एक उत्तर ऐकवलं जातं. शेजारचे एक निवृत्त इंजिनिअर गृहस्थ दर वेळी ऐकवतात : ‘वहिनी, कंपनी नफ्यात आहे. मोटारसायकली आणि रिक्षा जगभर जातात. एका गोष्टीत पारंगत व्हायचं तर दुसरी सोडावी लागते. यात चूक कुठली?’ त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. कंपनी बुडाली नाही, उलट मोठी झाली, आणि त्याचा मला पिंपरी-चिंचवडकर म्हणून अभिमान आहे. पण जमाखर्चात आलेला पैसा लिहितात तसा हातचा गेलेलाही लिहावा लागतो. २००९ साली ज्या धंद्याला संपलेला ठरवलं, तो पुढच्या सात-आठ वर्षांत एवढा वाढला, की देशात विकल्या जाणाऱ्या दर तीन दुचाकींत जवळपास एक स्कूटर असायची. २०१६ साली अॅक्टिव्हाने हिरोच्या स्प्लेंडर मोटारसायकललाही मागे टाकलं आणि ती देशातली सर्वांत जास्त खपणारी दुचाकी झाली. दोन पिढ्या ‘स्कूटर’ला ‘बजाज’ म्हणत होत्या. आता आमच्या घरकामाला येणारी मुलगी कुठल्याही कंपनीच्या स्कूटरला ‘अॅक्टिव्हा’ म्हणते. हे शब्द जिभेवर बसायला किती वर्षं आणि किती पैसा लागतो ते धंद्यातल्या माणसांनी सांगावं.

असं का झालं? माझ्या मते उत्तर अगदी घरगुती आहे. पुरुषाची गिअरची गाडी सकाळी नऊला त्याच्याबरोबर ऑफिसला जाते आणि संध्याकाळपर्यंत स्टँडवर उभी राहते. बाईला चालवता येते ती गाडी घरातले सगळे चालवतात. सकाळी ती मुलांना शाळेत सोडते, दुपारी सासरे पेन्शन आणायला नेतात, चारला मुलगी क्लासला, संध्याकाळी नवरा दळण आणायला. एकाच किमतीत चौघांची सोय. मध्यमवर्गी घरात पैसे मोजून वस्तू घेतात, तिथे हे गणित कुणी सांगावं लागत नाही. म्हणून मी सुरुवातीपासून म्हणतेय, की बायकांसाठी वेगळी गुलाबी गाडी काढा अशी आमची मागणी कधीच नव्हती. आम्हाला चालवता येईल अशी गाडी काढा, एवढंच होतं. ती सगळ्यांनीच घेतली असती आणि घेतलीच. २००६च्या सुमारास हिरो होंडाने प्लेझर आणली, तेव्हा जाहिरातीत सरळ विचारलं होतं, की सगळी मजा मुलग्यांनीच का करायची. तो प्रश्न पुण्यातून विचारला जायला हवा होता. पुण्याएवढ्या गाडी चालवणाऱ्या बायका दुसऱ्या कुठल्या शहरात होत्या?

एक प्रसंग सांगते. कंपनीचं वा दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझा राग त्या एका दुकानावर नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी एका मैत्रिणीबरोबर तिची गाडी घ्यायला गेले. ती शाळेत मुख्याध्यापिका होती, पैसे तिचे, चेकबुक पर्समध्ये. तिथल्या मुलाने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, अदबीने वागला आणि म्हणाला, ‘बसा ताई, साहेब आले की दाखवतो गाड्या.’ आम्हाला वाटलं दुकानाचे साहेब. वीस मिनिटांनी कळलं, तो तिच्या नवऱ्याची वाट बघत होता. ती उठली, काही बोलली नाही. बाहेर येऊन मला म्हणाली, ‘मी तिथे होते ना गं?’ त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला तसंच शिकवलेलं होतं. त्याला शिकवणाऱ्यांच्या कागदावर ‘ग्राहक’ या शब्दापुढे जे चित्र होतं, त्यात ती नव्हती. पहिली चूक त्या चित्रात झाली. मॉडेल, इंजिन, करार या पुढच्या गोष्टी.

हे सगळं आज लिहिण्याचं कारणही सांगते. २०२० साली बजाजने चेतक परत आणली, विजेवर चालणारी. गिअर नाही, किक नाही, अंग पत्र्याचं. आता ती आकुर्डीतच बनते. किनेटिकच्या घरातूनही २०२४ साली विजेवरची लूना आली आणि २०२५ साली जुन्या किनेटिक होंडा डीएक्स स्कूटरची विजेवरची नवी आवृत्ती. जी नावं मेली असं आम्ही समजलो होतो, ती माझ्या हयातीत परत आली, याचा मला किती आनंद झालाय ते शब्दांत सांगता येत नाही. पहिली विजेवरची चेतक आमच्या गल्लीत आली तेव्हा माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दोनच महिने झाले होते, तरी काठी घेऊन बघायला गेले. पत्र्यावर बोट वाजवून बघितलं. लोक लहानपणी बघितलेल्या चेतकवर हात फिरवावा तसा तिच्यावर हात फिरवत होते.

पण विजेच्या गाड्यांच्या जाहिराती बघते तेव्हा पुन्हा काळजी वाटते. किती वेगाने पळते, किती सेकंदांत किती वेग घेते, पडदा केवढा आहे, गाणी कशी लागतात. बॅटरीचं वजन कुठे ठेवलंय, स्टँडवर लावायला किती जोर लागतो, साठ वर्षांच्या बाईचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, पावसात चिखलात गाडी मागे घेता येते का, पुढे गॅसची टाकी मावते का, हे कुणी सांगत नाही. माझ्या वहीतले प्रश्न तेच आहेत, फक्त गाड्या बदलल्यात.

म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत आकुर्डीच्या आणि चिंचवडच्या दोन्ही घरांना माझी विनंती आहे. सीटची उंची ठरवायच्या आधी आमच्याकडे या. मी आता शिकवत नाही, गुडघे साथ देत नाहीत, पण माझ्या हाताखाली तयार झालेल्या दोघी अजून रविवारी सकाळी शिकवतात. हल्ली मोकळा प्लॉट राहिला नाही, म्हणून सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर. त्यांना वीस मिनिटं बघा, एवढंच. आणि वही मी द्यायला तयार आहे. मूळ प्रत परत हवी, कारण शेवटची चार पानं अजून कोरी आहेत आणि गेल्या आठवड्यात माझ्या भाचीची सून विचारून गेली, ‘आत्या, मला कधी शिकवताय?’

आपली,
एक निवृत्त लेखापाल,
निगडी प्राधिकरण, पुणे